हरकतीची पूर्वसूचना

बाबांच्या अर्ध्या गालाला फेस होता, हातात वस्तरा होता, तरी कलम म्हणून दाखवणं काही थांबलं नव्हतं. “निकाल फलकावर लागल्यापासून पाच कामाचे दिवस. आपल्याला कळल्यापासून नाही, पत्र आल्यापासून नाही. फलकावर लागल्यापासून! मग आज कितवा?”

“पाचवा,” ती म्हणाली. ती दारामागे चपलेचा दुसरा पाय शोधत होती.

“तिला कामावर जाऊ द्या आता,” आई आतून म्हणाली. “तुमचं कलम काही पळून जात नाही.”

“तेच तर पळतं! आज पाच वाजता पळतं.” आरशातून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “दोन प्रती आहेत. एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का घ्यायचा. शिक्का, तारीख आणि वेळ. वेळ विसरू नकोस, माणसं वेळच विसरतात.” तिनं पाकीट पिशवीत टाकलं. सापडलेली चप्पल पायात सरकवली आणि ‘येते’ म्हणून निघाली. तो दिवस इतका नेहमीचा होता, की पुढं कितीदा आठवूनही तिला त्यात वेगळं काही सापडलं नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई पायपुसणं झटकत होती, आणि बस वेळेवर आली होती.

बाबांचा रुग्णालयाच्या खाटा बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं; एक लांबट शेड, अकरा माणसं आणि एक मिस्त्री. हा मिस्त्री बाबांच्या सोबतीनं म्हातारा झाला होता आणि बाबांना अजून मालक म्हणायचा, पण ऐकायचा मात्र स्वतःचंच. सरकारी रुग्णालयांच्या खाटांची मोठी निविदा निघाली होती आणि ती दुसऱ्याच एका कंपनीला गेली. ती गेली याचं बाबांना फारसं काही वाटलं नव्हतं, आयुष्यात पुष्कळ निविदा गेल्या होत्या. पण नियमाप्रमाणे कागद बघायला गेले, तेव्हा त्यांना त्या कंपनीच्या खाटेचा तपासणी दाखला दिसला, आणि त्यावर तारीख होती ती सरकारनं खाटेचा नकाशा प्रसिद्ध करायच्या अकरा दिवस आधीची. “पोर जन्मायच्या आत उंची मोजून मोकळे झाले!” घरी येऊन ते म्हणाले, आणि चौदा पानांची हरकत लिहायला बसले. मिस्त्री म्हणाला, “मालक, एवढा अर्ज बसून कोण वाचणार? सोबत आपली एक खाट पाठवा.” पण ही हरकत समितीपुढं जायची तर त्याआधी खरेदी कार्यालयाला एक पानी पूर्वसूचना द्यावी लागे, की बाबांनो, आम्ही हरकत घेणार आहोत, तोवर पुरवठ्याचा हुकूम काढू नका. ते एक पान पाच दिवसांत पोचलं नाही, तर चौदा पानांत सूर्यप्रकाशाइतकं सत्य असलं तरी कुणी त्यांना हात लावणार नव्हतं. आणि ते पान तिच्या पिशवीत होतं, कारण ती काम करत असलेलं ग्रंथालय त्या कार्यालयापासून दोनच थांबे लांब होतं.

दुपारभर ती पुस्तकांची सूची करत राहिली. पिशवी टेबलाच्या पायाशी होती आणि पाय लांब केला की लागत होती. ते पान तिनं टाइप केलं होतं, एकेक शब्द पाठ होता, तरी मधेच काढून पुन्हा वाचलं. खाली बाबांची सही होती, शेवटच्या अक्षराखाली दोन रेघा मारलेली. अशीच सही तिनं सातवीत असताना मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्राखाली पाहिली होती. तिचा दुसरा नंबर आला होता, आणि बाबांनी सगळ्या विषयांचे गुण पुन्हा बेरीज करून दाखवले होते, की चूक शाळेची आहे, पहिला नंबर हिचा. वर्गात तिला उभं करून दुरुस्ती जाहीर झाली. जिचा नंबर गेला ती मुलगी तिच्याच बाकावर बसायची. पुढं वर्षभर ती मुलगी बाकाच्या कडेला अंग चोरून बसली, आणि एकदाही तिच्याशी बोलली नाही. बाबांची बेरीज बरोबर होती. त्यांची बेरीज कायमच बरोबर असायची. बसचा थांबा हलवला तेव्हा, पाण्याचं मीटर उलटं बसवलं तेव्हा, आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वय चुकलं तेव्हा, प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर निघालं होतं आणि प्रत्येक वेळी घरातलं कुणीतरी कुठल्यातरी खिडकीपुढं तासन्‌तास उभं राहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी हृदयाचा आलेख समोर धरून सांगितलं होतं, धावपळ बंद, काही मनाला लावून घ्यायचं नाही. “मनाला कुठं लावतोय,” बाबा म्हणाले होते, “कागदाला लावतोय.” डॉक्टरही हसले. ती हसली नव्हती.

चारच्या सुमारास ती खरेदी कार्यालयात पोचली. आवक खिडकी तळमजल्यावर होती. आत बसलेला कारकून पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं प्रती उलटसुलट पाहिल्या. “तीन लागतात बाई. गेल्या महिन्यापासून साहेबांची वेगळी. समोर झेरॉक्स आहे, काढून आणा. पाचपर्यंत मी तुमचाच आहे, पाचनंतर मी कुणाचा नाही.” ती रस्ता ओलांडून गेली. पुढं कित्येक दिवस तिनं मनातल्या मनात त्या झेरॉक्सच्या दुकानात रांग उभी करून पाहिली, वीज घालवून पाहिली, यंत्रात कागद अडकवून पाहिला. पण दुकान रिकामं होतं. माणूस यंत्रावर कोपर टेकून तिच्याकडेच बघत होता. ती त्याच्या समोरून गेली आणि शेजारच्या चहाच्या हॉटेलात शिरली.

काचेतून समोरची खिडकी सरळ दिसत होती. चहा आला. तिनं असं काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर निदान त्याला आकार आला असता. चहा संपला की उठू, असं तिच्या मनात होतं. चहा संपल्यावर तिनं दुसरा मागवला. हे पान गेलं की सुनावण्या लागतील, तारखा पडतील, बाबा छातीवर हात ठेवत चार चार मजले चढतील, खालच्या आवाजात बोलायचं ठरवून वरच्या आवाजात बोलतील. आणि नाही गेलं तर? तर एवढं मोठं काम गेल्यावर शेड आज ना उद्या बंद पडेल, मिस्त्रीला कुठंही काम मिळेल, एवढा हात असलेला माणूस. बाबा घरी बसतील. तिनं ग्रंथालयातून आणून दिलेल्या पुस्तकांखाली ते अर्ज सपाट व्हायला ठेवतात, त्याऐवजी ती पुस्तकं उघडतील. किती सोपं होतं सगळं. इथं नुसतं बसून राहायचं. पाचला दहा कमी असताना कारकुनानं मान बाहेर काढून रस्त्याकडे पाहिलं. तो तिलाच शोधत असावा. ती कपाळ हातावर टेकून खाली वाकली, जणू डोकं दुखतंय. वर पाहिलं तेव्हा खिडकीची फळी पडलेली होती. तिला हलकं वाटलं. दुसरं काहीही वाटलं असतं तरी नंतर ती स्वतःला कुठंतरी सामावून घेऊ शकली असती, पण शाळेला अचानक सुट्टी जाहीर व्हावी तसं हलकं वाटलं होतं, आणि चहाचा दुसरा पेला तिनं चवीनं संपवला होता.

घरी बाबा दारातच होते. “दिलीस?”

“दिली.”

“शिक्का?”

“आहे. माझ्या टेबलावर राहिली ती प्रत, परत जाऊन थोडं काम होतं. उद्या आणते.”

“वेळ घातलीय ना?”

“चार पंचावन्न.” हे कुठून आलं तिला कळलं नाही. खोट्यालाही आपली टापटीप असते.

बाबा एकदम हसले. “पाच मिनिटं राखून! ऐकलंस का गं? तुझी मुलगी शेवटच्या चेंडूवर खेळते.” त्यांनी मिस्त्रीला फोन लावला आणि पलीकडच्याला ऐकू येत नसल्यासारखं ओरडून सांगितलं, की पोचली, पोरीनं काम फत्ते केलं. मग ते जेवले. नीट, आवडीनं, ताटात काही न टाकता. आई तिच्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, बघ, किती दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाबा शेडमध्ये गेले. प्रत्येक खाट बाहेर पडायच्या आधी ते स्वतः तिच्यावर आडवे पडून पाहत. डोळे मिटायचे आणि मिस्त्रीनं पायथ्याची कळ फिरवायची. उशाकडचा भाग वर येताना कुठं कुरकुरतंय का, हे पाठीला आधी कळतं, कानाला नंतर, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी मिस्त्रीनं कळ फिरवली, विचारलं, “काय मालक?” उत्तर नाही. ते ऐकताहेत असं वाटून त्यानं खाट खाली घेतली, पुन्हा वर नेली. तीनदा. तिसऱ्यांदा उशी वर आली तेव्हा बाबांची मान एका बाजूला कलली.

लोक येऊन गेले. जो तो म्हणे, समाधानानं गेले. मिस्त्री दाराशी बसून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा, आदल्या संध्याकाळी फोन काय आला, मालक काय म्हणाले, आवाज कसा खणखणीत होता. “पोरीमुळं,” तो शेवटी म्हणायचा आणि तिच्याकडे हात करायचा. माणसं वळून तिच्याकडे बघत आणि त्यांच्या नजरेत कौतुक असे. ती पाण्याचे पेले उचलून आत जाई. तिथं ओट्याशी उभी राहून तिनं हे सगळं पुष्कळदा दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. दिली असती तरी ते गेलेच असते. डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवून सांगितलं होतं. नाही दिली म्हणाली असती, तर रात्री तळमळत गेले असते. म्हणजे तिनं त्यांना एक बरी संध्याकाळ दिली. हे इथवर नीट येई. पण ती संध्याकाळ त्यांची होती की तिनं बनवलेली होती? ते ज्या मुलीवर खूश होऊन जेवले, ती मुलगी तिथं नव्हतीच. याच्यापुढं विचार जात नसे, पेले मात्र पुन्हा पुन्हा विसळले जात.

तीन आठवड्यांनी मिस्त्री एक लिफाफा घेऊन आला. तिला न सांगता त्यानं दहाव्या दिवशी चौदा पानं समितीकडे नेऊन दिली होती. “तुला कशाला त्रास, दुःखात होतीस. मालकांनी सगळं तयार ठेवलेलंच होतं, सोबतच्या कागदांची यादीसुद्धा.” यादीत पहिलीच ओळ होती, पूर्वसूचनेची पोच. समितीनं कळवलं होतं, की खरेदी कार्यालयाच्या आवक नोंदीत अशी पूर्वसूचना आढळत नाही, तरी अर्जदारानं सुनावणीला मूळ पोच घेऊन यावं, अन्यथा हरकत दाखल होणार नाही.

“दडवली!” मिस्त्री म्हणाला. “मालक म्हणायचेच, वाळवी बरी, ती निदान भूक लागल्यावर कागद खाते. पण यांना माहीत नाही, पोच आपल्याकडे आहे. पोरांना सांगितलंय मी, काम सोडून जाऊ नका, महिनाभर कळ काढा. तिघं दुसरीकडे चालले होते, त्यांना थांबवलंय. पोच कुठाय, पोरी?”

“ग्रंथालयात असेल. शोधते.”

आणि तिनं खरंच शोधली. दुसऱ्या दिवशी टेबलाचे तिन्ही खण उपसले, सूचीची कार्डं हलवली, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं तेव्हा “एक कागद सापडत नाहीये” असं म्हणाली, आणि तीही बिचारी टेबलाखाली वाकून बघायला लागली. तेव्हा तिला स्वतःची भीती वाटली. खणात तळाशी चौदा पानांची प्रत होती, बाबांनी वाचायला दिलेली. दिली तेव्हा तिनं वरवर चाळली होती, आणि “कशी वाटली?” असं त्यांनी विचारल्यावर “लांब आहे” म्हणाली होती. आता वाचली. तिला वाटलं होतं तसा त्यात राग नव्हता. तारखेचा मुद्दा दीड पानात संपला होता. बाकी सगळी पानं खाटेबद्दल होती. त्या कंपनीचा नमुना त्यांनी प्रदर्शनात पाहिला होता आणि नवव्या पानावर लिहिलं होतं, की कठड्याच्या खटक्यात जी फट राहते तीत रुग्णाचं बोट अडकतं. पुढं कंसात, ‘माझे स्वतःचे, उजव्या हाताची करंगळी, दोन वेळा.’ दोन वेळा. एकदा अडकल्यावर, खात्री करायला म्हणून त्यांनी ती पुन्हा घातली होती. तिला तिथंच, वाचकांसमोर, हसू फुटलं आणि मग तोंडावर पदर दाबून ती बराच वेळ पुस्तकांच्या मांडणीकडे तोंड करून उभी राहिली. त्यांची करंगळी काळीनिळी झाली होती, हे तिला आठवलं. तिनं विचारलं नव्हतं.

ती आवक खिडकीवर गेली. काय मागायला, हे तिलाही माहीत नव्हतं. कारकुनानं ओळखलं. “काय बाई, तिसरी प्रत काढायला गेलात त्या अजून येताय होय!” मग तिनं सांगितलं, वडील गेले. त्याचा चेहरा उतरला. चष्मा कपाळावरून खाली आला. “दुसऱ्याच दिवशी? अरेरे. म्हणजे त्या धावपळीतच…” तिनं त्याला दुरुस्त केलं नाही. तो आजूबाजूला बघून हळू आवाजात बोलायला लागला. “हे बघा. रोज संध्याकाळी मी वहीत दोन ओळी कोऱ्या सोडतो. साहेबांच्या खोलीतून खिडकी बंद झाल्यावर कागद येतात, त्यांना त्याच दिवसाची तारीख लागते. सगळीकडं असंच चालतं. त्या दिवशीची एक ओळ अजून मोकळी आहे. समितीला म्हणू, नजरचूक झाली, आवक वहीत होती. मला काही नको हो, माझेही वडील असेच, माझा निरोप पोचायच्या आत गेले.” त्यानं वही फिरवली. ती ओळ तिथं होती. वर कुणाचातरी आवक क्रमांक, खाली दुसरी तारीख सुरू, आणि मधे बोटभर पांढरी जागा. एवढ्याशा जागेत सगळं मावणार होतं. बाबांची ती संध्याकाळ, मिस्त्रीचा शब्द, थांबवलेली तीन माणसं. आपण त्यांच्याशी खोटं बोललोच नाही, असंही त्या जागेत लिहून होणार होतं. कारकुनानं पेन उघडलं आणि सवयीनं विचारलं, “वेळ काय घालू?”

चार पंचावन्न तिच्या ओठांवर आलंच होतं. पण तोंडून निघालं, “नको.”

“अहो, बघा बुवा. ओळ काय, आणखी कुणालातरी लागेल.”

“वडिलांची तक्रारच मागच्या तारखेबद्दल आहे,” ती म्हणाली. त्याला अर्थातच काही कळलं नाही. तो मघापेक्षा जरा दुखावलेल्या आवाजात “बरं” म्हणाला आणि वही मिटली.

सुनावणीची खोली चौथ्या मजल्यावर होती. जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबली आणि बाबांना इथं दम लागला असता, इथं त्यांनी कठडा धरला असता, असं मोजत राहिली. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन बसला होता. पिशवीत त्यानं खाटेची कळ आणली होती, पुरावा म्हणून. दारावरच्या शिपायानं ती काढून घेतली होती, त्याचा राग त्याच्या कानांवर दिसत होता. “आणलीस ना?” त्यानं कुजबुजत विचारलं. ती त्याच्या शेजारी बसली. समोर समितीचे तिघं, मधे अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या, चष्म्याची दोरी गळ्यात. बाजूला कंपनीचा वकील कोऱ्या चेहऱ्यानं बसलेला आणि कोपऱ्यात टंकलेखिका.

“अर्जदार हयात नाहीत, हे समितीनं नोंदवलंय,” अध्यक्षा म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता. “आपण कन्या. पूर्वसूचनेची पोच?”

“बाई, सूचना त्या कार्यालयानंच दाबलीय,” मिस्त्री उठत म्हणाला. “आमच्या पोरीनं स्वतः जाऊन…”

“मिस्त्रीकाका, थांबा.” तिनं त्याला कधी काका म्हटलं नव्हतं. तो अर्धवट उठलेला तसाच राहिला. ती उभी राहिली. “पोच नाही. पूर्वसूचना दिलेली नाही.”

“जरा हळू सांगा,” टंकलेखिका म्हणाली. “लिहून घ्यायचं आहे.”

“घ्या,” ती म्हणाली, आणि एकेक वाक्य सुटं करून सांगायला लागली, सूचीचं कार्ड वाचून दाखवावं तसं. “पाचव्या दिवशी मी खिडकीवर गेले होते. खिडकी उघडी होती. आणखी एक प्रत हवी होती. प्रत काढायला वेळ होता, दुकानात गर्दी नव्हती. मी समोर चहा पीत बसले.”

टंकलेखिकेनं वर पाहिलं. “चहासुद्धा घ्यायचा?”

“हो. दोन चहा. खिडकी बंद होईपर्यंत. खरेदी कार्यालयानं काहीही दडवलेलं नाही. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, दिलीस का. मी दिली म्हणाले. त्यांनी वेळ विचारली, मी तीही सांगितली.” कळांचा आवाज तिच्या मागोमाग येत होता आणि थांबत होता. शेजारी मिस्त्री हळूच खाली बसला. खुर्ची कुरकुरली. त्याच्याकडे बघायचं तिनं ठरवलं होतं, आता बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

अध्यक्षांनी दोन्ही बाजूंच्या सदस्यांकडे पाहिलं. “पूर्वसूचनेअभावी हरकत दाखल होत नाही. घ्या. आणखी काही सांगायचंय?”

“मी चौदा पानं वाचलीत. नववं पान…”

“बाई,” अध्यक्षा मधेच म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा खाली आला, “हरकत दाखलच नाही. त्यातलं खरं की खोटं, याबद्दल इथं एक अक्षर नोंदवता येणार नाही मला.”

टंकलेखिकेनं हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले. वकिलानं कागद गोळा केले. मिस्त्री तसाच बसलेला होता. ती अजून उभी होती, आणि आता ती काहीही बोलली तरी ते कुठंही लिहिलं जाणार नव्हतं, कुणालाही पोचणार नव्हतं.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “तुमचं बरोबर होतं.”